गिअरबॉक्स उतरवण्याआधी

वाहन-विचारणा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी टपालात जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांची पत्रं सर्वांत जास्त आली. बऱ्याच जणांना गॅरेजमधून एकच निकाल मिळाला आहे : ‘बॉक्स गेला, उतरवावा लागेल.’ तो खरंच गेला आहे का, हे बॉक्स न उतरवता बऱ्यापैकी कळू शकतं. म्हणून या अंकात तपासणीच्या क्रमावर जास्त जागा दिली आहे. पत्र लिहिताना गाडीत कोणत्या जातीचं ऑटोमॅटिक आहे ते जरूर कळवा. टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून शक्ती पोचवणारं), सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारं), एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने हलवला जाणारा मॅन्युअल बॉक्स) आणि दोन क्लचचं, या चौघांमध्ये एकाच लक्षणाचा अर्थ वेगळा निघतो.

प्रश्न : माझी २०१० ची पेट्रोल सेडान आहे, टॉर्क कन्व्हर्टर, चार गिअर, १ लाख १२ हजार किलोमीटर. सकाळी निघताना गिअर अगदी अलगद पडतात. हिंजवडीच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास गेला की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडतं, आरपीएमचा काटा हजारभर वर जातो आणि मग हिसका बसून तिसरा पडतो. गॅरेजवाले पूर्ण ओव्हरहॉल सांगतात. गाडी सेकंडहँड घेतली आहे, गिअर ऑइल कधी बदललं होतं ते माहीत नाही. (वाचक, औंध)

उत्तर : थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, हे तुम्ही नीट टिपलंय आणि निदानाचा धागा तोच आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बॉक्सच्या आत एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. दोन्ही कामं ऑइलच्या दाबावर होतात. पहिला सुटला पण दुसऱ्याला दाब उशिरा पोचला, तर मधल्या अर्ध्या सेकंदात इंजिनला कोणीच धरून ठेवलेलं नसतं आणि काटा वर जातो. तापल्यावर ऑइल पातळ होतं, कडक झालेल्या रबरी सीलच्या कडेने झिरपतं आणि दाब कमी पडतो. क्लचच्या प्लेटा पार जळल्या असत्या तर गिअर बहुधा सकाळीही घसरला असता. म्हणून ओव्हरहॉलला होकार देण्याआधी खालची कामं करून घ्या, आणि याच क्रमाने.

आधी ऑइलची पातळी. पंधरा-वीस किलोमीटर चालवून गाडी सपाट जागी उभी करा आणि हँडब्रेक ओढा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी (पार्किंग) पासून शेवटच्या खाचेपर्यंत न्या, प्रत्येक जागी तीन-चार सेकंद थांबा आणि परत पी वर आणा. इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा आणि पुन्हा बुडवून बघा. पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवी. होंडाच्या डिपस्टिकवाल्या ऑटोमॅटिकला मात्र नियम उलटा आहे. तिथे गरम इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत पातळी बघतात. तिच्यावर चालू इंजिनची रीत लावली तर पातळी कमी दिसते, माणूस ऑइल ओततो आणि बॉक्स जास्त भरतो. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात. दोन्हींचा परिणाम सारखाच : दाब पडतो आणि गिअर घसरतो. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी खाली गेली असेल तर कुठेतरी गळती आहेच. ॲक्सलची सीलं, चेंबरचं (बॉक्सच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग, कूलरचे पाइप आणि इंजिन-बॉक्सच्या सांध्यातलं पुढचं सील बघा.

डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू कागदावर टाका आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. चांगलं ऑइल लालसर गोल होऊन कडेपर्यंत एकसारखं पसरतं. म्हातारं झालेलं ऑइल तपकिरी असतं आणि त्याचं वर्तुळ आखूड राहतं. थेंबाच्या मध्यावर काळे कण साचले आणि नाकाशी धरल्यावर करपलेल्या भाकरीसारखा वास आला, तर क्लचचं लायनिंग जळतंय असं समजा. कागद उन्हात तिरका धरला आणि कण चकाकले, तर ती धातूची झीज आहे.

नंतर वीज. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं, म्हणून जरा थांबून सांगतो. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ ते १२.७ व्होल्ट हवी. इंजिन, एसी आणि हेडलाइट चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. बॉक्सपासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी सोडवा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळा. स्टार्टर फिरताना त्या पट्टीवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर पट्टी बदला. गिअरचा कंट्रोलर सोलेनॉइडला (ऑइलच्या वाटा उघड-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला) किती करंट द्यायचा हे याच अर्थिंगच्या भरवशावर ठरवतो. कच्च्या अर्थिंगमुळे धड बॉक्ससुद्धा हिसके देतो.

मग स्कॅनर. फक्त इंजिनचा भाग वाचून थांबू देऊ नका, ट्रान्समिशनचा वेगळा विभाग उघडायला सांगा. पी ०७०० हा कोड ‘गिअरच्या कंट्रोलरमध्ये काहीतरी नोंद आहे, तिकडे बघा’ एवढंच सांगतो. त्यावरून कोणी ओव्हरहॉल सांगत असेल तर ऐकू नका. पी ०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, तुमच्या लक्षणाशी हाच मिळता. पी ०७५० आणि पी ०७५५ या मालिका शिफ्ट सोलेनॉइडच्या. पी ०७१५ आत येणाऱ्या वेगाच्या सेन्सरचा, पी ०७२० बाहेर जाणाऱ्या वेगाचा. कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. त्यानंतर स्कॅनर लावलेला ठेवूनच गर्दीत चक्कर मारा आणि ऑइलचं तापमान बघा. ८० ते ९५ अंश नेहमीचं. १२०च्या वर जात असेल तर कूलर चोंदलाय का, रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, हे आधी तपासा.

सोलेनॉइड मल्टिमीटरने मोजता येतात. नुसत्या उघड-बंद करणाऱ्या सोलेनॉइडचा रोध बहुतेक जपानी बॉक्समध्ये २० अंशांना ११ ते १५ ओहमच्या आसपास असतो, दाब कमी-जास्त करणाऱ्याचा ५ ओहमच्या. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो. थंड असताना १३ दाखवणारी कॉइल १०० अंशांना १७च्या आसपास जाते आणि ते ठीकच आहे. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. रोध बरोबर म्हणजे सोलेनॉइड बरोबर असं मात्र नाही, आतला दांडा कचऱ्याने अडकलेला असू शकतो. उघड-बंदवाल्याला क्षणभर १२ व्होल्ट दिले की ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा. ५ ओहमवाल्याला थेट बॅटरी लावू नका, कॉइल जळेल. मध्ये २१ वॉटचा दिवा जोडून लावतात.

दाबाचा अंदाज घरच्या घरी मोबाइलच्या घड्याळावर घेता येतो. गरम गाडी, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक दाबलेला. एन (न्यूट्रल) मधून डी (ड्राइव्ह) मध्ये टाका आणि गाडी बसल्याचा हलका धक्का जाणवेपर्यंत वेळ मोजा. टोयोटाच्या बॉक्सना डी साठी १.२ आणि आर (रिव्हर्स) साठी १.५ सेकंदांची मर्यादा आहे. इतर चार-गिअरवाल्यांनाही हेच माप म्हणून चालतं. दोन मोजण्यांमध्ये एक मिनिट सोडा आणि तीनदा मोजून सरासरी घ्या. दोन्हीकडे उशीर होत असेल तर एकंदर दाबच कमी आहे. फक्त डी ला उशीर होत असेल तर पुढचा क्लच किंवा त्याची सीलं, फक्त आर ला असेल तर रिव्हर्सचा.

शेवटी लाइन प्रेशर (बॉक्समधल्या ऑइलचा दाब गेजने मोजणं) आणि स्टॉल टेस्ट. या गॅरेजमध्येच करायच्या. स्टॉल टेस्टमध्ये ब्रेक दाबून डी मध्ये पूर्ण रेस देतात, तीही पाच सेकंदांच्या आत, कारण सगळी शक्ती कन्व्हर्टरमधल्या ऑइलच्या उष्णतेत जाते. आरपीएम ठरलेल्या आकड्यापेक्षा बरंच वर गेलं तर क्लच घसरतोय. बरंच खाली राहिलं तर इंजिन कमजोर आहे किंवा कन्व्हर्टरमधला एकाच दिशेने फिरणारा क्लच निकामी झालाय. ओव्हरहॉलचा खर्च मान्य करण्याआधी या दोन चाचण्यांचे आकडे आणि तुमच्या मॉडेलचे अपेक्षित आकडे शेजारी-शेजारी लिहून मागा. जो मेकॅनिक ते देतो, त्याने गाडी तपासली आहे.

आमचा अंदाज विचाराल तर आधी पातळी आणि शिळं ऑइल, मग तिसऱ्या गिअरशी संबंधित सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडीतली (ऑइल योग्य क्लचकडे वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यातली) गळती, आणि त्यानंतरच क्लचच्या प्लेटा. सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी बऱ्याच गाड्यांत बॉक्स न उतरवता, चेंबर किंवा बाजूचं झाकण काढून हाताशी येतात. निदान होईपर्यंत गाडी गर्दीत नेऊ नका. असा प्रत्येक मोकळा झटका त्या क्लचचं लायनिंग खातो, आणि आज सोलेनॉइडवर भागणारं काम दोन महिन्यांनी खरोखरच ओव्हरहॉलवर जाऊ शकतं.

प्रश्न : द्रुतगती मार्गावर ६० ते ८०च्या वेगात, पाय अगदी हलका असताना गाडी थरथरते. रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखं दोन-तीन सेकंद वाटतं आणि थांबतं. व्हील बॅलन्सिंग दोनदा झालं. (वाचक, निगडी)

उत्तर : चाकांची थरथर वेगाबरोबर येते आणि त्या वेगात टिकून राहते. तुमची दोन-तीन सेकंदांत जाते, म्हणजे काहीतरी धरतंय किंवा सुटतंय. या वेगात टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच इंजिन आणि बॉक्स यांना घट्ट जोडतो. ऑइलमधली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली की हा क्लच गुळगुळीत बसण्याऐवजी धर-सोड करतो.

खात्री करायला मोकळा, सरळ रस्ता निवडा आणि आरशात मागे कोणी नाही हे बघा. थरथर सुरू झाली की उजवा पाय होता तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला फक्त स्पर्श करा, मागचा लाल दिवा लागेल इतकाच. ब्रेकचा सिग्नल मिळताच कंट्रोलर लॉक-अप सोडतो. थरथर त्याच क्षणी गेली आणि आरपीएम शे-दोनशेने वाढलं, तर दोष लॉक-अपमध्ये आहे.

एक सावधगिरी. इंजिन थोडं मिसिंग करत असेल (एखादा सिलिंडर अधूनमधून पेटत नसेल) तर तेही लॉक-अपमध्येच जास्त जाणवतं, कारण तेव्हा मधली ऑइलची गादी निघून गेलेली असते. म्हणून स्कॅनरवर पी ०३०० ते पी ०३०४ हे मिसफायरचे कोड बघा. प्लग ६० हजार किलोमीटर चालले असतील तर ते आधी बदला. इग्निशन कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर बदलून मिसिंग तिच्याबरोबर सरकतं का ते पाहा. हे सगळं स्वच्छ असेल आणि पी ०७४१ हा लॉक-अपचा कोड दिसत असेल, तर योग्य ग्रेडच्या ऑइलचे दोन-तीन बदल करून तीन-चारशे किलोमीटर चालवा. थरथर नवी असेल तर बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुधारतात. वर्षभर तशीच चालवलेली असेल तर क्लचच्या पृष्ठभागावर चकाकी आलेली असते आणि कन्व्हर्टर बदलावा लागतो. दुकानात मिळणारे ‘शडर’ (थरथर) थांबवणारे द्रव आम्ही सुचवत नाही. ते ऑइलचं घर्षण बदलतात, लक्षण काही दिवस झाकतात आणि बाकीच्या क्लचना त्याचा काय परिणाम झाला हे नंतर कळतं.

प्रश्न : जुलैत सिंहगड रस्त्याला साचलेल्या पाण्यातून गाडी काढली. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत होतं. दुसऱ्या दिवसापासून गाडी एकाच जड गिअरमध्ये चालते, डी चा दिवा लुकलुकतो, आणि पी मध्ये सेल्फ लागत नाही, एन मध्ये लागतो. रिव्हर्सचा दिवाही कधी लागतो, कधी नाही. (वाचक, धायरी)

उत्तर : एन मध्ये सेल्फ लागणं आणि रिव्हर्सचा दिवा लहरी होणं, या दोन गोष्टी एकाच पुर्ज्याकडे बोट दाखवतात : लिव्हर कोणत्या जागी आहे हे कंट्रोलरला सांगणारा इनहिबिटर स्विच. तो बॉक्सच्या अंगावर बाहेरून बसवलेला असतो आणि साचलेलं पाणी थेट त्याच्यापर्यंत जातं. लिव्हरची जागा कळेनाशी झाली की कंट्रोलर बचावाच्या पवित्र्यात जातो आणि सोलेनॉइडची वीज तोडतो. बऱ्याच चार-गिअरच्या बॉक्समध्ये वीज नसताना तिसरा गिअर आपोआप राहतो. तोच तुमचा ‘जड गिअर’. कोड बहुधा पी ०७०५ किंवा पी ०७०६ मिळेल.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्विचचा आणि सोलेनॉइडच्या वायरिंगचा कपलर सोडवून आत बघा. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पूड काढा आणि पूर्ण वाळू द्या. कपलरचं रबर चिरलं असेल तर नाना पेठेत जोडीला दुसरं मिळतं, ते बदला. स्विच बदलल्यावर एन ची खूण जुळवणं आवश्यक असतं. बहुतेक स्विचवर त्यासाठी भोक किंवा रेघ असते. ती दोन-तीन अंश चुकली तरी हाच दोष परत येतो.

पण हे करण्याआधी, आजच, ऑइल बघा. बॉक्सला श्वास घ्यायला वर एक छोटी नळी असते. गरम बॉक्स पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि नळी किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. डिपस्टिकवरचं ऑइल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधट दिसलं तर गाडी सुरूही करू नका. क्लचचं लायनिंग कागदी तंतूंचं असतं आणि धातूवर चिकटवलेलं असतं. पाण्याने ते फुगतं आणि गोंद सुटतो. लगेच टो करून नेली, चेंबर उघडून साफ केला, फिल्टर बदलला आणि ऑइल अनेकदा बदललं तर बॉक्स वाचण्याची शक्यता असते. आठवडाभर चालवली तर ती उरत नाही. पुरात न गेलेल्या गाडीतही असं दुधट ऑइल दिसलं तर रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून कूलंट मिसळतंय. तेव्हा रेडिएटर बदलल्याशिवाय नवं ऑइल भरण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली गाडी गॅरेजपर्यंत हळू नेता येते, तीही ऑइल लाल असेल तरच. खंबाटकी किंवा वरंधा घाट चढायला नेऊ नका. सुटताना सगळा ताण कन्व्हर्टरवर येतो आणि ऑइल पाच-दहा मिनिटांत उकळीला येतं.

प्रश्न : १९९६ची मर्सिडीज ई २२० ऑटोमॅटिक विकत घ्यायचा विचार आहे. गाडी काही वर्षं उभी होती. गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात असं मालक स्वतःच सांगतात. घ्यावी का? (वाचक, प्रभात रस्ता)

उत्तर : ही पिढी, म्हणजे डब्ल्यू १२४, मर्सिडीजने १९९५ मध्ये भारतात पहिल्यांदा जुळवायला घेतली ती पुण्यातच, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीच्या आवारात. त्यामुळे तिच्यावर हात बसलेले जुने मेकॅनिक शहरात अजून सापडतात. या गाडीच्या चार-गिअरच्या बॉक्समध्ये गिअर ठरवणारा संगणक नाही. तिथे स्कॅनर लावून काही मिळणार नाही. इंजिनवर किती भार आहे हे बॉक्सला दोन गोष्टी सांगतात : ॲक्सिलरेटरच्या जोडणीतून येणारी एक केबल, आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर.

बारीक व्हॅक्यूम नळी चिरली किंवा सांध्यातलं रबर सुकलं की बॉक्सला वाटतं, चालकाने पूर्ण रेस दिली आहे. मग तो दाब वाढवतो आणि गिअर उशिरा, जोरात टाकतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत रबर सुकणं साहजिक आहे, आणि मालक सांगतात ते लक्षण तंतोतंत हेच आहे. इंजिन बंद करून मॉड्युलेटरवरची नळी काढा आणि तिच्यात कापसाची काडी फिरवा. काडी कोरडी निघाली तर हातपंपाने व्हॅक्यूम देऊन तो टिकतो का बघा. काडीला लाल ऑइल लागलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय. अशा गाडीत बाहेर एक थेंब न गळता गिअर ऑइल कमी होत राहतं आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो, कारण इंजिन ते ऑइल ओढून जाळतं. नळी आणि मॉड्युलेटर दोन्ही बाहेरून बदलता येतात.

हळू सुटताना गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये सुटल्यासारखी वाटली तर घाबरू नका. या बॉक्सची बऱ्याचदा तशीच घडण असते, पहिला गिअर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावर येतो. पातळी मात्र काटेकोर बघा : ऑइल ८० अंशांच्या आसपास, इंजिन चालू, पी मध्ये. किमान आणि कमाल खुणांमध्ये फक्त ०.३ लिटरचं अंतर आहे, त्यामुळे अर्धा लिटर ‘अंदाजाने’ ओतला की पातळी वर जाते. कन्व्हर्टरलाही स्वतंत्र ड्रेन बोल्ट आहे. इंजिन हाताने फिरवून तो खाली आणला की साडेपाच-सहा लिटर जुनं ऑइल एकदाच निघून येतं. ही सोय आजच्या बहुतेक गाड्यांत नाही.

धक्के असूनही घ्यायला हरकत नाही. रिव्हर्स टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नसेल, किंवा दुसऱ्या-तिसऱ्यात इंजिन मोकळं सुटत असेल, तर मात्र किमतीतून ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च वजा करूनच बोलणी करा. उशिरा पडणारा गिअर आणि घसरणारा गिअर यांची गल्लत करू नका.

प्रश्न : माझ्या गाडीच्या बॉक्समध्ये ‘आयुष्यभराचं ऑइल’ आहे म्हणतात. १ लाख ४० हजार झाले. काही जण सांगतात, आता बदललं तर बॉक्स बसेल. बदलू का? (वाचक, हडपसर)

उत्तर : बदला, फक्त पद्धत सांभाळा. मगरपट्टा-स्वारगेटसारख्या थांब-चाल वाहतुकीत ऑइल सतत तापतं, आणि तापलेलं ऑइल आयुष्यभर टिकत नाही. ‘बॉक्स बसतो’ या समजाला मूळ आहे. ज्याचा क्लच आधीच घसरत होता, त्याने शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदललं, बॉक्स त्यानंतर गेला आणि दोष ऑइलवर आला. तुमची गाडी आज नीट चालत असेल तर ती भीती बाळगू नका. मशीन लावून दाबाने फ्लश करणं मात्र इतक्या जुन्या बॉक्सला टाळा. कोपऱ्यात बसलेला गाळ उसळून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये जातो.

ड्रेन बोल्ट काढून फक्त चेंबरमधलं ऑइल येतं, साधारण अडीच ते चार लिटर. बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. समजा एकूण ७ लिटर आहे आणि एका वेळी ३ निघतात. पहिल्या बदलानंतर ५७ टक्के जुनं उरतं, दुसऱ्यानंतर ३३, तिसऱ्यानंतर १९. मधे दोन-तीनशे किलोमीटर चालवून तीनदा बदलणं पुरेसं आहे. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच भरा. नंतर गरम करून पातळी पाहा.

ग्रेड डब्यावरच्या रंगावरून ठरत नाही. ह्युंदाईच्या चार-गिअरला एसपी-३, सहा-गिअरला एसपी-४, होंडाच्या टॉर्क कन्व्हर्टरला डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या जुन्या बॉक्सना टी-४ आणि नंतरच्यांना डब्ल्यूएस. तुमच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं नावच दुकानात मागा. सीव्हीटीमध्ये यातलं एकही घालायचं नाही, तिचं ऑइल वेगळं असतं आणि चुकीच्या ऑइलवर तिचा पट्टा घसरतो.

चेंबर उतरवला तर त्यातली गोल चुंबकं स्वतः पाहा. त्यांच्यावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल आणि बोटांत चोळल्यावर खरखर लागत नसेल, तर ती वर्षानुवर्षांची साधी झीज आहे. पुसा आणि परत बसवा. सुईसारखे तुकडे, पितळी चकत्या किंवा काळे पापुद्रे मिळाले तर झाकण लावण्याआधी फोटो काढा आणि पुढचा निर्णय मेकॅनिकसमोरच घ्या. चेंबरचे बोल्ट लहान असतात, साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतं. जोरात आवळले की पत्रा वाकतो आणि नवं पॅकिंगही गळतं.

प्रश्न : २०१५ची एएमटी हॅचबॅक. चांदणी चौकाच्या चढावर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गचका बसतो, कधी मीटरवर अचानक एन येतो. ऑटोमॅटिक ऑइल बदलू का? (वाचक, बावधन)

उत्तर : नाही. तुमच्या गाडीत ते ऑइलच नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्स आणि साधा क्लच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पंप आणि ॲक्च्युएटर करतात. ती भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आली, म्हणजे तुमची गाडी अगदी सुरुवातीच्या लाटेतली आहे. थोडा गचका या प्रकारात उपजतच असतो. तो वाढला असेल तर आधी क्लचची झीज स्कॅनरवर बघा, मग ॲक्च्युएटरच्या टाकीतल्या द्रवाची पातळी, मग बॅटरी. पंप विजेवर चालतो आणि दमलेल्या बॅटरीवर दाब पुरेसा बनत नाही. अचानक एन येण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

क्लच प्लेट बदलली तर स्कॅनरने ‘क्लच लर्निंग’ करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. क्लच नेमका कुठे धरतो ते कंट्रोलरला नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर नव्या प्लेटवरही गचके तेच. आणि चढावर सिग्नलला गाडी हलक्या रेसवर तरंगत ठेवण्याची सवय असेल तर आजपासून सोडा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते ऑइल सोसतं, एएमटीत थेट क्लच प्लेट जळते. हँडब्रेक वापरा.

प्रश्न : लिव्हर पी मधून निघतच नाही. काल पार्किंगमध्ये अर्धा तास अडकले. (वाचक, सहकारनगर)

उत्तर : कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागत नसतील तर पेडलवरचा ब्रेक लाइटचा स्विच किंवा फ्यूज गेला आहे. ब्रेक दाबल्याचा सिग्नल न मिळाल्याने लिव्हरचं कुलूप उघडत नाही. स्विच छोटा आहे, पेडलच्या वरच्या टोकाला असतो आणि दहा मिनिटांत बदलतो. तोवर लिव्हरशेजारचं छोटं झाकण उचकटा. ब्रेक दाबून ठेवून त्या खाचेत किल्ली किंवा स्क्रू-ड्रायव्हर दाबला की लिव्हर हलतो.

दिवे लागत असतील आणि गाडी उतारावर उभी असेल, तर तिचं सगळं वजन पी च्या खुंटीवर बसलंय. दोघांनी मिळून गाडी बोटभर चढाकडे ढकला, लिव्हर सुटेल. यापुढे उतारावर थांबताना ब्रेक दाबलेला ठेवून आधी एन, मग हँडब्रेक, मग ब्रेक किंचित सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून पी.